श्रम, विश्रांती आणि अस्थी

मराठी भाषेने हाडांविषयी दोन परस्परविरुद्ध मते आपल्या वाक्प्रचारांत जपून ठेवली आहेत. आपल्या व्यवसायात जो पूर्णपणे मुरला आहे त्याला ती ‘हाडाचा शेतकरी’ किंवा ‘हाडाचा शिक्षक’ असे म्हणते. म्हणजे माणसाचे काम त्याच्या हाडापर्यंत जाऊन पोहोचते, असे ती मानते. उलटपक्षी, ज्याने संसारासाठी अतोनात कष्ट उपसले त्याच्याविषयी ती म्हणते की, त्याने रक्ताचे पाणी केले आणि हाडांची काडे केली. पहिल्या वाक्प्रचारात श्रमाने हाड घडते, तर दुसऱ्यात श्रमाने हाड झिजते. ह्या दोहोंपैकी खरे कोणते, हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. रुग्णाला किती दिवस अंथरुणावर ठेवावे, वृद्धांना काम करू द्यावे की नाही, मुलांना मैदानावर किती वेळ सोडावे आणि शेतमजुरीवर जगणाऱ्या स्त्रीच्या पाठीचा कणा साठीपूर्वीच का वाकतो, ह्या साऱ्या प्रश्नांची उत्तरे त्याच्याशी बांधलेली आहेत.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यास वऱ्हाडातील यवतमाळ जिल्हा विशेष उपयोगी पडतो. वर्धा आणि पैनगंगा ह्या नद्यांनी पूर्वेस व दक्षिणेस वेढलेला हा मुलूख पूर्वी ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जात असे. १९०५ साली वऱ्हाडाच्या जिल्ह्यांची फेररचना झाली, पुसद तालुका त्यास जोडला गेला आणि जिल्ह्यास यवतमाळचे नाव मिळाले. काळ्या जमिनीतील कापूस आणि ज्वारी ही येथील मुख्य पिके. कापसामुळे सरकीयंत्रे आली, गाठी बांधणारे कारखाने आले आणि गाठी वाहून नेणारी अरुंद रुळांची आगगाडीही आली. परंतु शेतातील कापूस बोंडातून काढण्याचे काम मात्र शतकभर माणसाच्या, आणि त्यातही बहुधा स्त्रियांच्या, बोटांनीच केले. डोंगराळ भागात कोलामांचे पोड, गोंडांची गावे आणि बंजाऱ्यांचे तांडे आहेत. येथील बहुसंख्य लोकांना शरीरश्रमावाचून राहणे कधी परवडलेच नाही. तेव्हा श्रमाने हाडे बळकट होत असतील, तर ती येथे सर्वांत बळकट असावयास हवीत. तशी ती आहेत काय, हे पाहण्यापूर्वी श्रम आणि हाड ह्यांचा संबंध मनुष्यास कसा उलगडत गेला, हे पाहणे इष्ट ठरेल.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी हाडास निर्जीव मानले नव्हते. आयुर्वेदात अस्थी हा सप्तधातूंपैकी एक धातू आहे आणि इतर धातूंप्रमाणेच आहारातून त्याचे पोषण होते. वाग्भटाने अस्थी हे वाताचे आश्रयस्थान मानले असून, वात वाढला की अस्थी क्षीण होतात, असे त्याचे मत आहे. शरीरास स्थैर्य आणि बळ देणारी हालचाल म्हणजे व्यायाम, अशी व्याख्या चरकसंहितेत आढळते. तथापि व्यायाम आपल्या बळाच्या निम्म्याइतकाच करावा, असा निर्बंधही ह्याच परंपरेने घातला आहे. हाडाचे पोषण, हालचाल आणि हालचालीची मर्यादा ह्या तीन कल्पना अशा रीतीने येथे फार पूर्वी एकत्र आल्या होत्या. मात्र हालचालीचा परिणाम हाडावर नेमका कोणत्या मार्गाने होतो, हे दाखविण्याचे साधन त्या काळी कोणापाशीच नव्हते.

पाश्चात्त्य देशांत ह्या विषयाकडे प्रथम लक्ष वेधले ते वैद्याने नव्हे, तर एका गणितज्ञाने. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने दोन हाडांचे चित्र दिले आहे. त्यांतील एक लहान प्राण्याचे. दुसरे तिप्पट लांबीचे, परंतु जाडीने तिपटीहून कितीतरी अधिक. प्राणी मोठा झाला की त्याचे वजन त्याच्या उंचीच्या मानाने फार झपाट्याने वाढते, म्हणून तो भार पेलण्यास हाड प्रमाणाबाहेर जाड व्हावे लागते, हे त्याने दाखवून दिले. हाडाचा आकार आणि त्यावरील भार ह्यांचा हिशेब मांडण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होय.

पुढे दोन शतकांनी झुरिक शहरात एक लक्षणीय योग जुळून आला. तेथील शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर मांडीच्या हाडाचा वरचा भाग उभा चिरून त्यातील जाळी दाखवीत होता. हाडाच्या आतील ही जाळी स्पंजासारखी दिसते, परंतु तिच्यातील बारीक तुळया अस्ताव्यस्त नसतात. पूल आणि यारी ह्यांचे गणित करणारा स्थापत्यशास्त्रज्ञ कार्ल कुलमान ह्याच्या पाहण्यात १८६६ साली ही जाळी आली. वजन उचलणाऱ्या वाकड्या यारीत जेथे ताण व दाब पडतो, त्या रेषांशी ह्या तुळयांची दिशा जुळते, हे त्याने ओळखले. निसर्गाने जेथे भार तेथे माल घातला होता आणि जेथे भार नाही तेथील माल वाचविला होता.

हाच धागा पकडून बर्लिनचा शस्त्रवैद्य यूलिउस वोल्फ ह्याने १८९२ साली हाडांच्या रूपांतराचा नियम ग्रंथरूपाने मांडला. वाकडे जुळलेले हाडदेखील कालांतराने नव्या भारानुसार आपली आतील रचना बदलते, असे त्याने अनेक नमुन्यांवरून दाखविले. त्याच्या गणितातील काही भाग पुढे टिकला नाही, परंतु मूळ सिद्धांत टिकला. हाडाचे काम बदलले की हाड बदलते. ह्यानंतर तीनच वर्षांनी, १८९५ साली, राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाचे हाड पाहण्याची सोय झाली. तरीही ही दृष्टी बरीच मंद होती, कारण हाडातील सुमारे तीस टक्के खनिज नाहीसे होईपर्यंत साध्या क्ष-किरणचित्रात त्याचा नीटसा पत्ता लागत नाही. हाडाचा ऱ्हास फार काळ मुकाट्याने चालू राहू शकतो, हे ह्यावरून ध्यानात यावे.

हा बदल कसा घडतो, ह्याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. हाडात तीन प्रकारच्या पेशी काम करीत असतात. एक प्रकार जुने हाड कुरतडून विरघळवितो, दुसरा त्या जागी नवे हाड रचतो, आणि तिसरा प्रकार हाडाच्या आतच गाडलेला राहून एकमेकांशी बारीक तंतूंनी जोडलेला असतो. स्नायू हाडास ओढतो तेव्हा हाड अत्यल्प प्रमाणात वाकते आणि त्यातील सूक्ष्म नलिकांतला द्रव हलतो. ह्या हालचालीची जाणीव गाडलेल्या पेशींना होते. भार नित्य येत असला की त्या रचणाऱ्या पेशींना मोकळीक देतात. भार थांबला की त्यांच्यापासून एक प्रथिन अधिक स्रवू लागते आणि ते रचनेस अटकाव करते. कुरतडणे मात्र चालूच राहते. धडधाकट प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी अशा रीतीने मोडून पुन्हा बांधला जातो. अमेरिकन शस्त्रवैद्य हॅरोल्ड फ्रॉस्ट ह्याने ह्या व्यवस्थेची तुलना खोलीतील उष्णता कायम राखणाऱ्या यंत्राशी केली. ठराविक मर्यादेखाली ताण गेला तर हाड काढून टाकले जाते, आणि मर्यादेवर गेला तर घातले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. हाडावर येणारा मोठा भार शरीराच्या वजनाचा नसून स्नायूंचा असतो. मनुष्य एका पायावर उभा राहिला की तोल सावरण्यासाठी कमरेचे स्नायू जोराने आकसतात, आणि त्यामुळे खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीनपट दाब येतो. चालताना हे प्रत्येक पावलास घडते. म्हणूनच स्नायू दुबळा झाला की हाडही त्याच्यामागोमाग दुबळे होते. पोलिओने पांगळा झालेला पाय ह्याचे दुःखद उदाहरण होय. रोग हाडाचा नव्हता, मज्जातंतूंचा होता. परंतु स्नायू लुळे पडल्यामुळे त्या पायाचे हाड दुसऱ्या पायाहून बारीक व आखूड राही. भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश त्या रोगापासून मुक्त ठरला. तथापि त्यापूर्वीच्या पिढ्यांतील अनेकांच्या पायात हा इतिहास कायमचा लिहिला गेला आहे. उलट बाजूचा दाखला टेनिस खेळणाऱ्यांचा. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत व्यावसायिक खेळाडूंच्या दोन्ही दंडांची क्ष-किरणचित्रे ताडून पाहिली गेली. खेळणाऱ्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हाताहून पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत सुमारे २८ टक्के अधिक जाड आढळली. माणूस एकच, रक्त एकच, आहारही एकच. फरक केवळ कामाचा होता.

असे असूनही वैद्यकाने दीर्घकाळ विश्रांतीचीच पूजा केली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील अस्थिवैद्य ह्यू ओवेन टॉमस ह्याने मोडलेल्या अथवा रोगट सांध्यास दीर्घ, अखंड आणि सक्तीची विश्रांती द्यावी, असा आग्रह धरला. क्षयाने पोखरलेल्या सांध्यांना त्याच्या पट्ट्यांनी खरोखरच लाभ झाला, आणि त्यामुळे त्याचा शब्द प्रमाण मानला गेला. फ्रान्समधील ल्यूका-शांपिओनिएर ह्याने त्याउलट मत मांडले. मोडलेल्या अवयवास लवकर व सौम्य चालना द्यावी, मर्दन करावे, असे तो सांगत असे. परंतु त्याचे ऐकणारे थोडे होते. बाळंतीण, शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, हृदयविकाराचा रुग्ण, साऱ्यांस आठवडेच्या आठवडे निजवून ठेवणे हीच शुश्रूषा समजली जाई. आपल्याकडेही घरच्या वडीलधाऱ्यांची सेवा म्हणजे त्यांना हातचे काहीही न करू देणे, अशी समजूत दृढ झाली.

ह्या समजुतीस धक्का बसला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. रुग्ण अधिक आणि खाटा थोड्या, अशा परिस्थितीत माणसांना लवकर उठविणे भाग पडले, आणि लवकर उठलेले रुग्ण लवकर बरे होतात असे दिसून आले. १९४७ साली इंग्लिश वैद्य रिचर्ड ॲशर ह्याने अंथरुणावर पडून राहण्याचे धोके सांगणारा एक लेख लिहिला. त्यात इतर अवयवांबरोबर हाडांतून निघून जाणाऱ्या चुन्याचाही उल्लेख होता. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथील डिट्रिक, व्हीडन आणि शॉर ह्या वैद्यांनी आपल्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. चार निरोगी तरुणांना कमरेपासून पायांपर्यंत प्लास्टरमध्ये बसवून सहा ते सात आठवडे निजवून ठेवण्यात आले. त्यांना कोणताही रोग नव्हता आणि आहार उत्तम होता. तरीही काही दिवसांतच त्यांच्या मूत्रातून जाणारे कॅल्शियम वाढू लागले, आणि प्लास्टर काढल्यावर ते पूर्ववत होण्यास काही आठवडे लागले. दूध पोटात जात होते, पण हाड ते स्वीकारीत नव्हते. कारण हाडास त्याची गरजच वाटत नव्हती.

पुढे मनुष्य अंतराळात गेला आणि ह्याच सत्याचा अधिक कठोर पुरावा मिळाला. १९७३-७४ मध्ये स्कायलॅब ह्या अमेरिकन स्थानकावर राहिलेल्या अंतराळवीरांच्या टाचेच्या हाडातील खनिज घटलेले आढळले. त्यानंतरच्या दीर्घ मुक्कामांत खुबा व कमरेचा कणा ह्यांतील खनिज दरमहा सुमारे एक ते दीड टक्का कमी होते, असे मोजले गेले. जमिनीवर एखाद्या वृद्धेच्या हाडातून जेवढे खनिज वर्षभरात जावे, तेवढे तेथे निवडक, तरुण आणि बलवान माणसाच्या हाडातून महिन्याभरात जाते. वजन उचलण्यासारखा जोरकस व्यायाम नेमाने करविल्यावरच ह्या हानीस बराचसा आळा घालता आला.

येथवर पाहता पहिला वाक्प्रचार खरा ठरतो. हाडाचा शेतकरी खरोखरच हाडाने शेतकरी असतो. ह्याचा एक सुंदर पुरावा अलीकडेच पुढे आला असून तो महाराष्ट्रातील प्रत्येक घराच्या जिव्हाळ्याचा आहे. २०१७ साली केंब्रिज येथील संशोधकांनी मध्य युरोपातील सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी स्त्रियांच्या दंडाची हाडे आजच्या स्त्रियांच्या हाडांशी ताडून पाहिली. आजच्या स्त्रियांत नौकास्पर्धेसाठी नित्य सराव करणाऱ्या तरुणीही होत्या. त्या प्राचीन शेतकरणींची दंडाची हाडे ह्या नौकापटूंच्या हाडांहूनही ११ ते १६ टक्के अधिक बळकट भरली. ह्याचे एक संभाव्य कारण म्हणून संशोधकांनी धान्य दळण्याच्या कामाकडे बोट दाखविले, कारण दगडावर दगड पुढेमागे घासून रोजचे पीठ काढण्यात तासन्‌तास जात.

असले दगड आपल्याकडेही होते. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ ह्या काळात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची घरे, पुरलेली माणसे आणि त्यांची दळणाची साधने सापडली. खुंटा धरून फिरविण्याचे जाते त्यानंतरचे. ते सातवाहनकालीन वसाहतींतून आढळू लागते. तेव्हापासून सुमारे दोन हजार वर्षे वऱ्हाडातील ज्वारीचे पीठ ह्याच जात्यातून पडले. पहाटे उठून, एक पाय लांब करून, मुठीमुठीने दाणे घालीत वरचा दगड फिरविणाऱ्या बाईच्या खांद्याला, दंडाला आणि पाठीला रोज ताण मिळत असे. तो ताण दिशा बदलणारा आणि लयबद्ध होता. त्या लयीतून ओव्या निघाल्या. ते काम सुखाचे होते असे मात्र कोणी समजू नये. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर तो योग्यच होता. जाते गेल्याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. परंतु त्याच्याबरोबर दंडाचे आणि खांद्याचे जे नित्याचे काम गेले, त्याची जागा शहरी घरांत दुसऱ्या कशानेही भरून काढली नाही, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे.

आता दुसऱ्या वाक्प्रचाराकडे वळावयाचे. यवतमाळच्या शेतात गिरणी आल्यावरही श्रम संपले नाहीत. निंदणी, वेचणी, मोळी आणि पाण्याची घागर ही कामे राहिलीच. तरीही तेथील कष्टकरी स्त्रीची हाडे बळकट असतील असे गृहीत धरता येत नाही. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी अल्प उत्पन्न गटातील सुमारे तीनशे स्त्रियांच्या हाडांची घनता मोजून तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध केले. ह्या स्त्रिया तिशी ते साठीतल्या होत्या. त्यांच्या हाडांची घनता पुढारलेल्या देशांतील स्त्रियांच्या मानाने बरीच कमी भरली, आणि त्यांच्या आहारातील कॅल्शियम आवश्यक प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी होते. श्रम करणाऱ्या बाईची हाडे श्रमाने घडावयाची, ती दुबळी का राहावी?

ह्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण अन्नाचे. भार हाडास ‘बांध’ अशी आज्ञा देतो. परंतु बांधावयास प्रथिने, चुना आणि सूर्यप्रकाशातून मिळणारे जीवनसत्त्व लागते. कामात खर्च झालेली शक्ती जेवणातून भरून आली नाही तर शरीर काटकसर करू लागते आणि हाडाची बांधणी प्रथम थांबविते. अशा वेळी श्रम जितके अधिक, तितकी तूट अधिक. नवऱ्याचे व मुलांचे जेवून झाल्यावर उरलेले खाणारी बाई दिवसभर शेतात राबते, तेव्हा हाडांची काडे होतात हे अक्षरशः खरे ठरते.

दुसरे कारण श्रमाच्या जातीचे. १९८४ साली रुबिन आणि लॅनियन ह्या दोन संशोधकांनी पक्ष्याच्या पंखातील एका हाडावर मोजून भार देण्याचा प्रयोग केला. भार मुळीच न दिलेले हाड क्षीण झाले. दिवसातून केवळ चार वेळा भार दिल्याने ते जसेच्या तसे राहिले. छत्तीस वेळा दिल्याने ते ठळकपणे वाढले. मात्र त्यापुढे शेकडो वेळा भार देऊनही अधिक लाभ झाला नाही. ह्यावरून असे दिसते की, हाड भाराचे तास मोजीत नाही. तो किती जोराचा, किती वेगाने आलेला आणि किती नवा आहे हे ते पाहते. कापसाच्या ओळीत दिवसभर वाकून, बोटांनी बोंडे रिकामी करणे ह्यात पाठीस शीण भरपूर आहे. पण पाय, खुबा आणि मनगट ह्यांच्या हाडांना चेतविणारा बदलता भार थोडाच आहे. थकवा आणि व्यायाम ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. मजुरीस व्यायाम समजण्याची चूक सुखवस्तू माणूस नेहमी करीत आला आहे.

ह्या दृष्टीने पाहता आपल्या व्यायामपरंपरेचे शहाणपण उठून दिसते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर ह्यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले असे सांगतात. यवतमाळच्या शेजारी अमरावती येथे वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली, आणि त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. मल्लखांबावर सर्व शरीराचा भार क्षणात हातावर, क्षणात मांडीवर, क्षणात कमरेवर येतो. काही मिनिटांत संपणारा, पण दर क्षणी दिशा बदलणारा असा हा ताण आहे. दंड, बैठका, कुस्ती आणि लेझीम ह्यांचेही तसेच. पंखाच्या हाडावरील प्रयोगातून जे सूत्र निघाले, त्यास ही साधना फार जवळची आहे.

यवतमाळ जिल्ह्याने ह्या विषयास आणखी एक धडा जोडला आहे. पांढरकवडा, झरी-जामणी ह्या भागांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड हा क्षार अधिक प्रमाणात आहे. पाण्यात तो लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक असू नये, अशी मर्यादा मानली जाते. मर्यादेबाहेरचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडांना विकार जडतो. भारतात ह्या विकाराचे पद्धतशीर वर्णन १९३७ साली शॉर्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातील रुग्णांवरून प्रथम केले. ह्या रोगात हाड कमी होत नाही, ते वाढते. क्ष-किरणचित्रात ते अधिक पांढरे, अधिक दाट दिसते. परंतु त्याची वीण बिघडलेली असते, स्नायुबंधांतही चुना साठतो, पाठीचा कणा काठीसारखा ताठरतो आणि माणसास मान वळविणे वा खाली बसणे कठीण होते. हाडाचे वस्तुमान आणि हाडाचे सामर्थ्य एकच नव्हे, हे ह्याहून स्पष्टपणे कोणती गोष्ट सांगेल? असे हाड भाराच्या मागणीवरून बांधलेले नसते. ते विषाने बांधलेले असते. सांधे जखडले की हालचाल थांबते, आणि हालचाल थांबली की उरलेसुरले स्नायूही जातात. त्यावर मूळ उपाय एकच, तो म्हणजे शुद्ध पाणी.

निरुद्योगाने होणाऱ्या हानीचा ह्या प्रदेशातील सर्वांत करुण इतिहास महारोगाचा आहे. ह्या रोगात हाताच्या मज्जातंतूंना इजा होते, तळहाताचे बारीक स्नायू लुळे पडतात, बोटे आकसतात आणि वापर थांबल्याने हाडे विरळ होऊ लागतात. शिवाय स्पर्शज्ञान गेल्यामुळे भाजणे, कापणे कळत नाही. जखमा चिघळतात आणि हाड झडते. बोटे आपोआप गळतात ही समजूत चुकीची असून, न कळलेल्या जखमांचा त्यात मोठा वाटा असतो, हे वेल्लोर येथील शस्त्रवैद्य पॉल ब्रँड ह्यांनी दाखवून दिले आणि स्नायुरज्जू दुसरीकडे वळवून अनेकांचे हात पुन्हा चालते केले. यवतमाळच्या तीन शेजाऱ्यांकडे ह्या रुग्णांसाठी संस्था उभ्या राहिल्या. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण ह्यांनी १९३६ साली, अमरावतीस तपोवन येथे डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी १९४६ साली, आणि वणीपासून वर्धा नदीपलीकडे वरोऱ्यास आनंदवन येथे बाबा आमटे ह्यांनी १९५१ साली कार्यास आरंभ केला. तिन्ही ठिकाणी रुग्णांच्या हाती शेती व हस्तोद्योग देण्यात आले. ह्यामागील हेतू स्वाभिमानाचा होता, अस्थिशास्त्राचा नव्हता. परंतु समाजाने ज्यांना कोपऱ्यात निजवून ठेवले होते त्यांना उठवून कामास लावल्याने शरीराचाही लाभच झाला असला पाहिजे. बधिर पायांना जोडे आणि बधिर हातांना जपणूक देऊनच तो श्रम पथ्यकर होतो, एवढे मात्र विसरता येत नाही.

अशा रीतीने मराठीच्या दोन्ही वाक्प्रचारांत सत्य आहे आणि त्यांत विरोधही नाही. पुरेसे अन्न, शुद्ध पाणी आणि निजेची वेळ ज्यास आहे, त्याचे हाड श्रमाने घडते; ज्यास ह्यांतील काही नाही, त्याच्या हाडांची त्याच श्रमाने काडे होतात. शेतमजूर स्त्रीस श्रमाचे माहात्म्य सांगण्याचे कारण नाही. तिच्या ताटात डाळ, दूध आणि तीळ कसे येतील हे पाहणे अगत्याचे आहे.

शहरातील सुशिक्षित घरांची गोष्ट नेमकी उलट आहे. तेथे ताटात उणे नाही, पण हाडास बोलावणे येत नाही. साधारण तिशीपर्यंत हाडाचा साठा वाढतो. पुढे तो पुरवून वापरावयाचा असतो, आणि स्त्रियांत पाळी थांबल्यावर तो वेगाने उतरतो. म्हणून मुलामुलींचे उड्या मारणे, दोरीवर खेळणे, लंगडी आणि खो-खो ह्यांस वेळेचा अपव्यय समजू नये. ती पुढील साठ वर्षांची तजवीज आहे. तसेच घरातील वृद्ध पडून खुबा मोडला तर शस्त्रक्रियेनंतर वैद्यांच्या सल्ल्याने त्यांना लवकरात लवकर उभे करावे. निरोगी वृद्धांच्या हातून पाण्याचा तांब्या आणि बाजाराची पिशवी प्रेमापोटी काढून घेऊ नये. जिना चढणे, अंगणात फेऱ्या घालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे ही त्यांच्या हाडांची रोजची शिधासामग्री आहे. सेवा म्हणजे अंथरूण घालून देणे, ही कल्पना वैद्यकाने १९४७ च्या सुमारास सोडावयास आरंभ केला. घराघरांतून ती अद्याप सुटावयाची आहे.